लळा तुटलेल्या मुलांचा डॉक्टर

रील्स स्क्रोल करताना ‘अटॅचमेंट स्टाइल’ हा शब्द तुम्ही शंभरदा तरी ऐकला असेल. रिप्लाय द्यायला दोन दिवस लावणारा ‘अव्हॉइडंट’, ब्लू टिककडे बघत बसणारी ‘ॲन्क्शस’. ब्रेकअपनंतरच्या गप्पांत हे शब्द आपण सहज फेकतो. पण ज्या माणसाच्या कामातून ते आले, त्याच्यासमोर कपल्स नव्हती. त्याच्यासमोर होती चोऱ्या करणारी, कुणालाच जवळ येऊ न देणारी, हॉस्पिटलच्या खाटेवर एकटी पडलेली लहान मुलं. त्याचं नाव जॉन बोल्बी.

जॉनचा जन्म २६ फेब्रुवारी १९०७ चा, लंडनमधला. वडील नामांकित सर्जन, घर श्रीमंत, भावंडं सहा. त्या काळच्या इंग्लंडमधल्या बड्या घरांत मुलांना आई नाही, दाया सांभाळायच्या. आईची भेट साधारण तासभर, तीही संध्याकाळच्या चहानंतर. जॉनला लळा होता मिनी नावाच्या दाईचा. तो चार वर्षांचा होत आला असताना मिनी नोकरी सोडून गेली. घरात कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. नोकर येतात, नोकर जातात! जॉनसाठी मात्र ते आई जाण्यासारखंच होतं, आणि हे दुःख त्याने म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवलं.

पुढे बोर्डिंग, नौदलाचं कॉलेज, मग केंब्रिजमध्ये विज्ञान आणि मानसशास्त्र. तुमच्याएवढा असताना, म्हणजे एकविसाव्या वर्षी, डॉक्टरकीचा सरळ रस्ता सोडून तो एका वेगळ्याच शाळेत शिकवायला गेला. इतर शाळांनी ‘हाताबाहेर गेलेली’ ठरवलेली मुलं तिथे होती. त्यांतल्या दोघांनी त्याचं आयुष्य वळवलं. एक किशोरवयीन मुलगा चोरीसाठी शाळेतून काढलेला. ना राग, ना प्रेम, कोरा चेहरा. लहानपणी त्याला कायमचं असं आईसारखं माणूस मिळालंच नव्हतं. दुसरा सात-आठ वर्षांचा, सतत घाबरलेला, दिवसभर जॉनच्या मागे मागे. सगळे त्याला जॉनची सावली म्हणायचे. एक कुणालाच चिकटत नव्हता, दुसरा सुटतच नव्हता. दोघांची जखम एकच असेल का? या प्रश्नासाठी बोल्बी लंडनला परतले, डॉक्टर झाले, मग मनोविश्लेषक.

तेव्हाच्या मनोविश्लेषणात मुलाच्या मनातल्या कल्पनांना फार महत्त्व होतं, घरात खरोखर काय घडतंय याला कमी. १९३८ मध्ये बोल्बींकडे तीन वर्षांचा एक अस्वस्थ मुलगा आला. त्याची आई बाहेर बसलेली असायची, स्वतःच प्रचंड चिंतेत. पण बोल्बींच्या मार्गदर्शक मेलनी क्लाइन यांचा नियम स्पष्ट होता: उपचार मुलावर, आईशी बोलायचं नाही. तीन महिन्यांनी आईलाच मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. क्लाइन यांना खंत वाटली ती केस अर्धवट राहिल्याची. बोल्बींना मात्र एक गोष्ट कायमची पटली. मुलाला बरं करायचं तर आईवडिलांचा हातही धरायला हवा. पुढे टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मुलांचा विभाग हाती आला, तेव्हा त्यांनी विभागाचं नावच बदललं आणि त्यात पालक आणले.

त्याआधी, १९४४ मध्ये, त्यांचा गाजलेला अभ्यास छापून आला. चोरी करणारी ४४ मुलं, आणि तुलनेला चोरी न करणारी पण मानसिक त्रास असलेली ४४ मुलं. चोरांपैकी १४ जणांना बोल्बींनी ‘मायाहीन’ असं म्हटलं. कुणाबद्दल ओढ नाही, केल्याची खंत नाही. त्या १४ पैकी १२ जण अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ तुटलेले निघाले. चोरी न करणाऱ्या ४४ मध्ये असे फक्त दोन. अभ्यास छोटा होता, त्यात त्रुटीही होत्या. पण ‘पोरगं मुळातच वाईट’ असं म्हणून मोकळं होणं त्यानंतर अवघड झालं.

यापुढची लढाई झाली हॉस्पिटलच्या दारात. आज आपल्याकडे लहान मूल ॲडमिट झालं की आई पिशवी भरून सोबत राहायलाच जाते. त्या काळी ब्रिटनमध्ये आईबाबांना आठवड्यातून एखादा तास भेटायची परवानगी मिळायची, काही ठिकाणी तीही नाही. पालक आले की मुलं रडतात, म्हणून पालकांनी यायचं नाही, असा हिशोब! बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी पाहिलं की मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी शांत होतं. नर्सना वाटायचं, रुळलं. प्रत्यक्षात त्याने आशा सोडलेली असायची. १९५२ मध्ये रॉबर्टसननी आठ दिवस हॉस्पिटलमध्ये राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. डॉक्टरमंडळी ती बघून भडकली. पण १९५९ मध्ये सरकारी समितीनेच पालकांसाठी वॉर्डची दारं उघडायची शिफारस केली.

दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने बोल्बींना युद्धात बेघर झालेल्या मुलांचा अभ्यास करायला सांगितलं. १९५१ च्या त्या अहवालाचा गाभा असा: बाळाला आईशी, किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या कुणाशी तरी, न तुटणारं मायेचं नातं हवं. अन्न-वस्त्राइतकंच. आणि मुलं सांभाळायची तर समाजाने त्यांच्या पालकांनाही सांभाळायला हवं.

यावर टीका झाली, आणि ती रास्तही होती. ‘आई नोकरीला गेली की मूल बिघडतं’ असा अर्थ काढून बायकांना घरी बसवायला हा अहवाल वापरला गेला. वडिलांना तर त्यात दुय्यम जागा होती. १९७२ मध्ये मायकल रटर यांनी दाखवून दिलं की नातं तुटणं वेगळं आणि नातं कधी जुळलंच नसणं वेगळं. शिवाय मूल एकाहून जास्त माणसांशी घट्ट जोडलं जाऊ शकतं. गंमत म्हणजे खुद्द बोल्बींच्या घरी चार मुलं पत्नी अर्सुला यांनीच वाढवली. बाबा रोज अंधार पडल्यावर घरी येतात आणि कामाबद्दल अवाक्षर काढत नाहीत, म्हणून त्यांच्या एका लेकराला शंका आली होती, बाबा चोर तर नाहीत ना!

बोल्बींनी १९६९ ते १९८० या काळात तीन जाड खंडांत आपला सिद्धान्त मांडला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगांतून ते ‘स्टाइल्स’वाले शब्द आले. ‘अटॅचमेंट डिसऑर्डर’ हे निदान मात्र त्याहून वेगळं आणि बरंच दुर्मीळ. तो रीलवरचा विषय नाही. घोर आबाळ झालेल्या, हातोहात फिरलेल्या मुलांमध्ये तो दिसतो. काही मुलं लागलं-खुपलं तरी कुणाकडे जात नाहीत. काही मुलं पहिल्या भेटीत कुठल्याही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात.

अशा मुलाला दत्तक घेणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या पालकांची काय परीक्षा होत असेल, विचार करा. तुम्ही जीव लावता आणि ते मूल ढकलतं, खोटं बोलतं, तुम्ही खरंच टिकता का हे पुन्हा पुन्हा तपासतं. इथे जबरदस्तीने मिठीत दाबून धरण्यासारखे उपचार घातक ठरलेत. अमेरिकेत २००० मध्ये अशा एका उपचारात दहा वर्षांच्या मुलीचा जीव गेला. चालतं ते साधंच, पण दमवणारं: तीच माणसं, तीच वेळ, दिलेला शब्द पाळणं, रागाच्या क्षणीही सोडून न जाणं. आणि त्या पालकांना तज्ज्ञांची, घरच्यांची साथ.

बोल्बी २ सप्टेंबर १९९० रोजी स्कॉटलंडच्या स्काय बेटावर गेले, वयाच्या ८३ व्या वर्षी. पण तुमचा त्यांच्याशी संबंध अजून आहे. कॉलेजच्या ग्रुपबरोबर कधी बालगृहात वाढदिवस साजरा करायला गेलात, आणि एखादं चिमुरडं पाच मिनिटांत तुमच्या कडेवर चढून सोडेनासं झालं, तर फक्त ‘किती गोड’ म्हणून सेल्फी काढू नका. पुन्हा येणार नसाल, तर ‘परत येईन’ असं सांगू नका. येणार असाल, तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, वर्षभर जा. आणि निघताना तिथल्या मावशींना विचारा, त्यांना कशाची मदत लागतेय. तुम्ही गेल्यावर त्या मुलाजवळ त्याच असणार आहेत.