फाळक्यांचा वाटाणा आणि आमचं खाचर

प्रॅक्टिकलचं रीडिंग जुळत नसलं की आपण काय करतो? उत्तर आधी ठरवतो आणि तक्ता मागून भरतो. खोटं कशाला बोला, सगळेच करतात! आम्ही चौघांनी हाच उद्योग कॅमेऱ्यानं केला, आणि त्या भानगडीतून मला धुंडिराज गोविंद फाळके नावाचा माणूस नव्यानं भेटला. तोपर्यंत दादासाहेब फाळके म्हणजे माझ्यासाठी एका पुरस्काराचं नाव होतं.

त्याचं असं झालं. फिल्म प्रोजेक्टसाठी आम्ही मावळातलं उर्से गाव निवडलं. एकीकडे एक्स्प्रेसवेचा टोलनाका आणि कारखाने, दुसरीकडे भाताची खाचरं. व्यावसायिक माहितीपटवाले जे नियम पाळतात ते आम्ही वहीत लिहून काढले होते. कॅमेरा चालू करण्याआधी परवानगी घ्यायची. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरायचा. त्या जागेचा आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा. आणि कुणालाही अभिनय करायला लावायचा नाही.

पहिले तीन नियम पाळले. चौथ्याला आम्ही घसरलो. आम्ही पोचलो तेव्हा नागपंचमी उलटून गेली होती आणि लावणी केव्हाच आटपली होती. पण लावणीशिवाय मावळ दाखवायचा कसा? मग एका बाबांना गळ घातली. बिचारे हसले, चार रोपं उपटून हातात घेतली आणि वाकून उभे राहिले. शॉट झकास आला. संध्याकाळी त्यांच्याच ओटीवर तो लॅपटॉपवर दाखवला, तर त्यांच्या सूनबाईंनी पहिल्या फटक्यात पकडलं. शेजारच्या खाचरात भात गुडघ्याला लागलंय, मग हे आता कसली लावणी करताहेत, असं त्यांनी सरळ विचारलं. आमचे चेहरे बघण्यासारखे झाले. गावात कुणीच फसणार नव्हतं. फसणार होते ते फक्त आमचे परीक्षक.

शॉट ठेवायचा की काढायचा यावरून आमच्यात जाम भांडण झालं. त्याच आठवड्यात लायब्ररीत फाळक्यांच्या लघुपटांची यादी हाती लागली आणि त्यात एक नाव दिसलं, ‘तळेगाव काचकारखाना’. तळेगाव म्हणजे उर्शाच्या शेजारचंच! लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडाचा तो कारखाना १९०८ साली तिथे सुरू झाला होता. शंभरएक वर्षांपूर्वी हा माणूस कॅमेरा घेऊन आमच्याच भागात येऊन गेला होता तर! मग मी त्यांचं चरित्र वाचायला घेतलं.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकला. गोध्र्याला फोटोचा धंदा मांडला, पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघंही गेली. नंतर दुसरं लग्न झालं, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी मिळाली. ती १९०६ मध्ये सोडली आणि गाठलं कुठलं गाव? आपलं लोणावळा! तिथे त्यांनी छपाई आणि एनग्रेव्हिंगचा कारखाना काढला. जवळच मळवलीला रविवर्मा प्रेस होता, त्याचं काम ते करत. पुढे कारखाना दादरला गेला, १९०९ मध्ये छपाईचं तंत्र बघायला ते जर्मनीलाही जाऊन आले. मग भागीदारांशी पटेना म्हणून तेही सोडलं. म्हणजे चाळिशी ओलांडली तेव्हा हातात भरपूर विद्या, आणि खिसा रिकामा.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्याकडचे देव पडद्यावर आणायचे हे डोक्यात घेतलं. त्यानंतर सिनेमे बघणं आणि रात्रंदिवस प्रयोग करणं इतकं वाढलं की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी ठरवली आणि एप्रिलच्या सुरुवातीला परतले.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. भांडवलवाल्यांना पटवायला त्यांनी कुठलाही देव उभा केला नाही. एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. बी फुटलं, कोंब आला, वेल चढला. पडद्यावर सगळं मिळून जेमतेम मिनिटभर! ‘अंकुराची वाढ’ म्हणतात ती हीच फिल्म. आपण जरा हिशोब करू. त्या काळचा वेग सेकंदाला साधारण १६ चौकटी धरला तर मिनिटाला ९६० चौकटी, म्हणजे ६० फूट फिल्म. एवढ्या ६० फुटांसाठी महिना घालवायचा! वाटाण्याला घाई करायला सांगता येत नाही, आणि रोप बदलून चालत नाही. आमच्या वहीतला चौथा नियम त्या कुंडीत लिहिलेला होता.

पुढचं बरंचसं तुम्हाला माहीत असेल. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामती झाले अण्णा साळुंके, कारण त्या भूमिकेला बाई मिळेना. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळं करत, शिवाय युनिटचा स्वयंपाकही. नाशकात बिऱ्हाड हलल्यावर ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’ आले आणि पैसाही आला. हिंदुस्थान फिल्म कंपनीत पुन्हा भागीदारांशी बिनसलं आणि ते काही काळ काशीला निघून गेले. परत येऊन चित्रपट केले, पण बोलपटांनी काळ बदलला होता. १९३७ चा ‘गंगावतरण’ शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकात ते गेले, तेव्हा त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

आमचं भांडण मात्र त्यांच्या १९१७ च्या एका लघुपटानं मिटवलं. ‘चित्रपट कसे तयार करतात’ असं त्याचं नाव. त्याचे काही तुकडे आजही बघायला मिळतात. त्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना सूचना देताना, फिल्मची पट्टी तपासताना. आता हे उघडच कॅमेऱ्यासाठी करून दाखवलेलं आहे, कारण चित्रीकरण करणाऱ्याचंच चित्रीकरण आपोआप कसं होणार? पण ते बघताना फसवल्यासारखं वाटत नाही. करून दाखवतोय हे तो माणूस लपवतच नाही.

झालं, ट्यूब पेटली. बाबांचा शॉट आम्ही ठेवला, पण त्याच्या आधी आम्ही त्यांना गळ घालतोय तो आवाजही ठेवला, आणि सूनबाईंची परवानगी घेऊन त्यांचा प्रश्नही. शिवाय बांधावर एका दगडाला खूण केली आणि सप्टेंबरपासून कापणीपर्यंत त्याच जागेवरून त्याच खाचराचा रोज एक फोटो घ्यायचा ठरवलं. आमच्यातला एकजण जवळच राहतो, त्याच्या सायकलचे हाल झाले. एकूण ४१ फोटो जमले. सेकंदाला चार या वेगानं ते सव्वादहा सेकंद चालतात. हिरवं खाचर डोळ्यांदेखत पिवळं होतं आणि कणसं झुकतात.

मधले तीन दिवस टर्म टेस्टमुळे चुकले. तिथे भात एकदम टुणकन उडी मारतं. कॉम्प्युटरवर ती उडी बुजवणं अर्ध्या तासाचं काम होतं. आम्ही बुजवली नाही. परीक्षकांनी त्याचा एक मार्क कापला. गावात देवळासमोर फिल्म दाखवली तेव्हा मात्र सूनबाई शेवटपर्यंत बसल्या, आणि या खेपेला त्यांनी काहीच विचारलं नाही.