वाळूत गाडी घालणारा इंजिनिअर

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं करूळ घाट उतरून देवगडकडे गेलो होतो. चुलतभावाची जीप फोर व्हील ड्राइव्ह, त्यामुळे दादाचा थाट काही विचारू नका. त्याने ती सरळ किनाऱ्यावरच्या वाळूत घातली. पन्नास पावलांवर चारही चाकं रुतली. दादा ॲक्सिलरेटर दाबतोय, गाडी खाली खाली चाललीय आणि समोरून भरती येतेय! शेवटी रापण ओढणारे एक काका आले. काही न बोलता त्यांनी चारही टायरमधली निम्मी हवा सोडली, चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि जीप बाहेर. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. फोर व्हील ड्राइव्हची आकृती पेपरात छान काढते. पण हवा सोडायचं मला काही सुचलं नाही.

होस्टेलवर परतल्यावर याचं कारण शोधता शोधता राल्फ बॅग्नॉल्ड सापडले.

जन्म १८९६, इंग्लंड. वडील लष्करात इंजिनिअर, मुलगाही त्याच वाटेने गेला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात दिवस काढले, मग केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकले. १९२६ मध्ये इजिप्तला बदली झाली आणि तिथे वाळवंटाचा नाद लागला तो कायमचा.

इजिप्त, लिबिया आणि सुदान जिथे भेटतात तिथे उवेनात नावाचा डोंगर आहे, उंची १९३४ मीटर. नाईलपासून सहाशे किलोमीटरहून लांब. १९२३ मध्ये हसनैन बे हे इजिप्शियन प्रवासी उंटांच्या तांड्याबरोबर तिथे पोचले होते. त्यानंतर राजपुत्र कमाल-एल-दीन पट्ट्यांच्या खास गाड्या घेऊन गेले. बॅग्नॉल्ड आणि त्यांचे मित्र मात्र रजा काढून, पदरचे पैसे घालून साध्या फोर्ड गाड्यांतून निघाले. फोर व्हील ड्राइव्ह नाहीच, फक्त मागची दोन चाकं ओढणार!

मग जमलं कसं? इथेच मला हा माणूस आवडला. रेडिएटर उकळला की वाफेबरोबर पाणी जातं. त्यांनी नळी काढून ती वाफ बाहेर बसवलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफेचं पाणी व्हायचं आणि इंजिन थंड झालं की तेच पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढलं जायचं. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्र चुकतं, म्हणून तबकडीवर उभी सुई लावून तिच्या सावलीवरून दिशा काढली. रुतलेल्या चाकांखाली घालायला भंगारातले लोखंडी पत्रे घेतले. टायरची हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू उकरत नाही. आमच्या काकांनी केलं ते हेच.

पुढे आजारपणामुळे १९३५ मध्ये त्यांना सैन्य सोडावं लागलं. दुसरा कुणी आराम करत बसला असता. यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात स्वतः विंड टनेल बांधला आणि त्यात वाळू उडवत बसले. धुळीसारखी वाळू हवेत तरंगत नाही. कण उडी मारतो, खाली आपटतो, आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. वाऱ्याचा जोर वाढला की वाहणारी वाळू त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट जोराला साधारण आठपट! यावरचं त्यांचं पुस्तक १९४१ मध्ये आलं, आजही त्याचा आधार घेतात.

तोवर युद्ध पेटलं होतं. १९४० मध्ये कैरोत त्यांनी सहा आठवड्यांत लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. सुट्टीत हौसेने शोधलेल्या वाटा आता इटालियन ठाण्यांच्या पाठीमागे जाऊन हल्ले करायला वापरल्या गेल्या. हे वाचताना मला जरा वाईट वाटलं. शत्रूला थोपवायचं होतं हे कळतं, तरीपण. या पथकाला मध्ये फोर व्हील ड्राइव्हचे ट्रक मिळाले होते. ते पेट्रोल फार पितात म्हणून पुन्हा दोन चाकं ओढणारे शेव्हरोलेट घेतले. दादाला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही.

१९७७ मध्ये ऐंशी ओलांडलेले बॅग्नॉल्ड नासाच्या परिषदेत मंगळावरच्या वाळवंटांबद्दल बोलायला गेले. १९९० मध्ये, ९४ व्या वर्षी ते वारले. मंगळावरच्या वाळूच्या काही टेकड्यांना त्यांचं नाव दिलंय. क्युरिऑसिटी रोव्हर २०१५ मध्ये तिथे पोचला. त्याच्या सहाही चाकांना मोटर आहे, तरी आदल्याच वर्षी एका दरीतल्या वाळूत तो इतका घसरायला लागला की मुकाट्याने मागे फिरवावा लागला. चाकं ॲल्युमिनियमची, सोडायला हवासुद्धा नाही. हे दादाला अजून सांगायचंय.