भास्कराचार्य आणि न फिरणारे चाक

लीलावतीकार भास्कराचार्यांचे नाव सुशिक्षित मराठी माणसाला परके नाही. त्यांच्या गणितातील कामगिरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या ग्रंथातील एका चाकाची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. ती सांगितल्याने आचार्यांचे मोठेपण उणे होत नाही, उलट ते अधिक नेमकेपणाने कळते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधील. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतः नोंदविले आहे. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. ११८३ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले.

पूर्वसूरींविषयी आदर असूनही परंपरेने आलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नाही. गोलाच्या पृष्ठफळाचा लल्लाचार्यांनी दिलेला नियम चुकीचा असल्याचे त्यांनी युक्तिवादाने दाखवून दिले. पृथ्वीला कशाचा तरी आधार हवा, या समजुतीवर त्यांचा आक्षेप साधा होता. त्या आधाराला दुसरा आधार लागेल, दुसऱ्याला तिसरा, मग याचा शेवट कोठे?

याच भास्कराचार्यांनी गोलाध्यायातील यंत्राध्यायात स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या यंत्राचे वर्णन केले आहे. हलक्या लाकडाचे चाक घ्यावे, त्याला समान अंतरावर पोकळ व किंचित वाकलेले आरे बसवावेत, त्यांत निम्मा पारा भरून तोंडे बंद करावीत आणि चाक आसावर ठेवावे. ते आपोआप फिरत राहील, असे त्यांनी लिहिले. ही कल्पना मूळ त्यांची नव्हे. त्यांच्या पाचशे वर्षे आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनीही अशा चाकाचा उल्लेख केला होता.

वरवर पाहता युक्ती पटण्यासारखी आहे. खाली उतरणाऱ्या बाजूचा पारा आऱ्याच्या बाहेरच्या टोकाकडे सरकतो, वर चढणाऱ्या बाजूचा आसाकडे येतो. मग उतरणारी बाजू जड ठरून चाक फिरायला नको काय?

याचे उत्तर शाळेच्या विज्ञानात शिकविल्या जाणाऱ्या बलाच्या आघूर्णात आहे. एखादे बल वस्तूला किती जोराने फिरवील हे केवळ बलावर ठरत नाही. बलाला फिरण्याच्या बिंदूपासूनच्या लंब अंतराने गुणावे लागते. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविणारी आघूर्णे एका बाजूला आणि उलट दिशेची दुसऱ्या बाजूला मांडून वजाबाकी करायची. उरेल ते परिणामी आघूर्ण.

समजा, चाकाला आठ आरे आहेत आणि प्रत्येकात एक किलो पारा आहे. उतरणाऱ्या बाजूला तीन आऱ्यांतील पारा आसापासून सरासरी ४० सेंटिमीटर आडव्या अंतरावर आहे. त्यांचे आघूर्ण १२० एकक. चढणाऱ्या बाजूला अंतर सरासरी २४ सेंटिमीटरच आहे, परंतु तेथे आरे पाच आहेत. पाच गुणिले चोवीस, पुन्हा १२०. वजाबाकी शून्य! एका बाजूला अंतर वाढते, तर दुसऱ्या बाजूला वजनांची संख्या. चाक थोडे झुलेल आणि तोल साधताच थांबेल. बैलगाडीच्या चाकांसाठी एकेकाळी नावाजलेल्या पनवेलसारख्या गावात हे वेगळे सांगण्याची गरज नसे. चाक कितीही सुबक असले, तरी ओढायला बैल लागतातच.

या मोहात भास्कराचार्य एकटे नव्हते. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये विलार द ओनकूर याने हातोडे लटकविलेल्या अशाच चाकाचे चित्र काढले. असे दावे तपासणे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये कायमचे बंद केले. तरीही इंधनाविना चालणाऱ्या यंत्राचे दावे आजही होतात, आणि कधी कधी त्यांना प्राचीन ग्रंथांचा आधारही दिला जातो. अशा वेळी भास्कराचार्यांनी लल्लाचार्यांचा नियम जसा तपासला, तसेच त्यांचे चाकही तपासणे हाच त्यांच्या शिष्यत्वाचा खरा मार्ग होय.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ मधील तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला.

यंत्राध्यायात अनेक यंत्रांची वर्णने आहेत. त्या सर्वांत आचार्यांनी श्रेष्ठ मानले ते धीयंत्र, म्हणजे हातात साधी काठी आणि डोक्यात बुद्धी. पाऱ्याचे चाक फिरत नाही हे ज्या साधनाने कळते, ते साधन त्यांनी स्वतःच सर्वांच्या वर ठेवले होते.