शाळा न पाहिलेल्या मोठ्या बाई

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. हिरा गुहेत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना जो पहिला आदेश मिळाला, तो वाचण्याचा होता. इल्म, म्हणजे ज्ञान मिळवणे, हे इस्लामने प्रत्येकाचे कर्तव्य मानले. तरीही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी बंगालमधल्या खानदानी मुस्लिम घरांत मुलींना कुरआन फक्त उच्चारायला शिकवत. अर्थ कोणी सांगत नसे आणि हातात लेखणी कोणी देत नसे. या अन्यायाचा जाब धर्माच्याच आधाराने विचारणाऱ्या आणि त्यासाठी स्वतः शाळा काढून दाखवणाऱ्या शिक्षिका म्हणजे बेगम रुकैया सखावत हुसेन.

रंगपूर जिल्ह्यातले पायराबंद हे त्यांचे गाव. आज ते बांगलादेशात आहे. ९ डिसेंबर १८८० हा त्यांचा जन्मदिवस मानला जातो. वडील जमीनदार होते, अनेक भाषा जाणणारे होते. दोन्ही मुलांना त्यांनी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात घातले. मुलींना मात्र शाळेचा उंबरठाही दिसला नाही. घरात पडदा इतका कडक होता, की पाच वर्षांच्या रुकैयाला परक्या पुरुषांसमोरच काय, परक्या बायकांसमोरही येण्याची मुभा नव्हती. पाहुण्या बायका आल्या की ती माळ्यावर किंवा मिळेल त्या अडगळीत लपून बसायची.

घरातल्या ज्यांच्यामुळे त्या घडल्या, त्यांचे ऋण रुकैयांनी पुढे एकेका पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतून फेडले. त्या अर्पणपत्रिका पाहिल्या, की एका शिक्षिकेने मागे वळून आपल्या माणसांकडे कसे पाहिले ते कळते.

१९२२ साली निघालेला ‘मोतीचूर’चा दुसरा भाग थोरली बहीण करीमुन्निसा यांना अर्पण केला आहे. या बहिणीने अंगणातल्या मातीत काडीने अक्षरे गिरवत बंगाली शिकून घेतली होती. खानदानी मुस्लिम घरात तेव्हा उर्दू-फारसीचा मान, बंगाली ही सामान्य लोकांची बोली. बहिणीचे बंगालीचे वेड घरात कळले आणि लहान वयातच तिचे लग्न लावून दिले गेले. पण तिने धाकटीला लावलेली गोडी गेली नाही. रुकैयांचा संसार भागलपूरला झाला आणि पुढे कलकत्त्यातली शाळाही बहुतांशी उर्दू भाषेतून चालली. तरी त्यांनी लेखन केले ते मुख्यतः बंगालीत.

१९२४ सालची ‘पद्मराग’ ही कादंबरी थोरले भाऊ इब्राहीम साबेर यांना अर्पण आहे. वडील झोपले, घर शांत झाले, की हा भाऊ मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकवायचा. रुकैयांनी पाहिलेली पहिली शाळा ती हीच. घंटा नाही, बाक नाही, एक विद्यार्थिनी आणि एक मास्तर.

१८९८ साली त्यांचे लग्न भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाले. ते बिजवर होते आणि वयानेही बरेच मोठे. पण बायकोने शिकावे, लिहावे असे त्यांना मनापासून वाटायचे. एकदा ते दौऱ्यावर गेले असताना रुकैयांनी वेळ घालवायला म्हणून इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. तिच्यातल्या देशात बाया विज्ञानाच्या जोरावर राज्य चालवतात आणि पुरुष जनानखान्यात बसतात. सखावत साहेब परतले आणि त्यांनी ती गोष्ट उभ्याउभ्याच वाचून काढली. त्यांच्या आग्रहाने ती १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. तीच ‘सुलतानाज ड्रीम’.

या संसाराला सुख थोडेच लाभले. दोन मुली झाल्या आणि दोन्ही तान्हेपणीच गेल्या. पतीला मधुमेहाने ग्रासले, दृष्टी गेली. त्यांची शुश्रूषा रुकैयांनीच केली. ३ मे १९०९ रोजी ते वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. पाचच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९०९ रोजी, भागलपुरात पाच मुलींना घेऊन शाळा सुरू झाली. घरात मालमत्तेवरून तंटा उभा राहिला तेव्हा भागलपूर सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्याच्या वलीउल्लाह लेनमध्ये आठ मुलींवर शाळा पुन्हा उभी राहिली. नाव ठेवले सखावत मेमोरियल.

शाळा काढली खरी, पण मोठ्या बाईंना वर्ग कसा भरवतात हेच ठाऊक नव्हते. त्यांना लाज वाटली नाही. कलकत्त्यातल्या ब्राह्मो आणि इतर मुलींच्या शाळांत जाऊन त्या बसल्या, तिथल्या शिक्षिकांकडून वेळापत्रकापासून शिस्तीपर्यंत सगळे समजून घेतले. आपल्या शाळेत त्यांनी कुरआन अर्थासह शिकवण्यावर भर दिला. बंगाली, उर्दू, फारसी, इंग्रजी होतीच. जोडीला शिवण, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा आणि व्यायामही होता. मध्यंतरी एक बँक बुडाली आणि शाळेसाठी ठेवलेला पैसा तिच्याबरोबर बुडाला. त्यांनी शाळा बंद केली नाही. घरोघर जाऊन त्या आईबापांना विनवत राहिल्या.

मुली घराबाहेर पडणार कशा, हा सर्वांत मोठा प्रश्न होता. शाळेने मोटारबस आणली. ती चारी बाजूंनी इतकी बंद होती, की आतल्या अंधारात आणि उकाड्यात मुलींना ओकाऱ्या येत, चक्कर येई. म्हणून दोन्ही बाजूंना पडदे लावले. वाऱ्याने ते पडदे उडाले, तर लगेच संतापाची पत्रे येऊन पडली: हे थांबवा, नाहीतर वर्तमानपत्रांत शाळेची बदनामी करू. बस बंद ठेवावी तर मुलींचा जीव गुदमरतो, उघडावी तर शाळा मोडते. मोठ्या बाईंचे रोजचे काम या दोन्हींच्या मधून वाट काढण्याचे होते.

त्या स्वतः बुरखा घेत. लेखणी मात्र कशालाच भीत नव्हती. ऐन पंचविशीच्या आत लिहिलेल्या एका लेखात, धर्मग्रंथांचे नाव घेऊन पुरुषांनी बायकांवर हुकमत बसवली, असे त्यांनी फार कडक शब्दांत लिहिले होते. त्यावर ओरड झाली, आणि लेख पुस्तकात घेताना तो भाग गळला. पुढे त्यांनी दुसरी वाट धरली. अल्लाहने आणि पैगंबरांनी स्त्रीला जे दिले, ते तुम्ही का देत नाही, असे त्या समाजाला विचारू लागल्या. वारसाहक्क, विवाहात संमती, शिक्षण, हे सारे दीनने दिलेले हक्क त्या मोजून दाखवत. या प्रश्नाला उत्तर देणे कट्टर विरोधकांनाही जड गेले. काहींना त्यांचा बुरखा ही माघार वाटली, काहींना त्यांची शाळा हेच बंड वाटले. एवढे खरे, की त्या बुरख्याच्या भरवशावर अनेक बापांनी आपल्या मुली त्यांच्या हवाली केल्या.

१९१६ साली त्यांनी ‘अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम’ ही स्त्रियांची संघटना उभारली. गरीब वस्त्यांतल्या बाया आणि विधवा यांच्यात तिचे काम चाले. १९३१ साली, पन्नाशी उलटल्यावर, ‘अवरोधबासिनी’ हे पुस्तक आले. पडद्याआड कोंडलेल्या स्त्रियांचे ४७ प्रसंग त्यात आहेत. काही वाचून हसू येते, काही वाचून अंगावर काटा येतो. त्यातल्या एका प्रसंगात त्यांच्या सासरकडच्या नात्यातल्या एक बाई किऊल स्टेशनवर बुरखा अडकून गाडी आणि फलाटाच्या मधे पडतात. हमाल धावून येतात, पण परपुरुषाचा हात लागू नये म्हणून सोबतची दासी त्यांना अडवते. गाडी सुटते आणि बाईंचा जीव जातो.

हे पुस्तक त्यांनी आपल्या आईला, राहतुन्निसांना, अर्पण केले. ज्या आईने मुलीला पडद्यात वाढवले, तिलाच पडद्याच्या दुःखाचे पुस्तक! आई गुन्हेगार आहे असे लेकीला वाटत नव्हते. आईही त्याच चार भिंतींत कोंडलेली होती.

८ डिसेंबर १९३२ च्या रात्री उशिरापर्यंत त्या लिहीत होत्या. शाबान महिना चालू होता, रमजान जेमतेम तीन आठवड्यांवर आला होता. ९ तारखेच्या पहाटे, आपल्या वाढदिवशीच, त्या अल्लाहला प्यारी झाल्या. टेबलावर स्त्रियांच्या हक्कांवरचा लेख अर्धा लिहिलेला सापडला.

सखावत मेमोरियल आज कलकत्त्याच्या लॉर्ड सिन्हा रोडवर सरकारी शाळा म्हणून चालू आहे. बांगलादेशात ९ डिसेंबर हा ‘रुकैया दिन’ म्हणून पाळतात. कलकत्त्याजवळच्या सोदपूरला त्यांचे दफन झाले होते. ती कबर पुढे विस्मरणात गेली आणि फार वर्षांनी तिचा शोध लागला. ती जागा आता पानिहाटीच्या मुलींच्या शाळेच्या आवारात आहे. स्वतःच्या दोन्ही लेकी मातीआड गेलेल्या या आईच्या शेजारी आता रोज घंटा होते आणि मुली वर्गात जातात. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते अशा दानाला इस्लाममध्ये सदका-ए-जारिया म्हणतात. वाचायला शिकवणे हे त्यातलेच एक दान आहे.