सिंहगडाने पाडले, कादंबरीने उभे केले

आमच्या तिवसा तालुक्यातले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. घरच्यांनी ठरवलेले स्थळ तिला नको होते. तिने गुपचूप निरोप धाडला आणि कृष्णाच्या रथात बसून ती निघून गेली. त्यामुळे चोरटे प्रेम, वडीलधाऱ्यांची आडकाठी आणि ऐनवेळी धावून येणारा नायक हे सारे आम्हा वऱ्हाडी माणसांना नवे नाही. हीच गोडी गावोगावच्या वाचनालयांतून मराठी घरांत पोचवणाऱ्यांत नाथमाधव फार वरच्या जागी आहेत. त्यांची ‘वीरधवल’ अनेकांनी वाचलेली असते. त्यांचे आयुष्य मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. जन्म 1882 चा. शिक्षण बेताचेच झाले आणि मुंबईत कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. चारचौघांसारखा संसार व्हायचा, पगार वाढायचा, एवढेच पुढे दिसत असणार. पण 1905 च्या सुमारास शिकारीसाठी सिंहगडावर गेले असताना ते कड्यावरून कोसळले. जीव वाचला, मात्र कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. वय अवघे तेवीस!

इस्पितळातल्या लांबलचक मुक्कामात पुस्तके सोबतीला आली. वाचता वाचता हाती लेखणी आली आणि 1908 मध्ये ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी निघाली. पाठोपाठ 1909 मध्ये ‘सावळ्या तांडेल’ आणि 1913 मध्ये ‘वीरधवल’. पुढे ‘डॉक्टर’सारखी सामाजिक कादंबरी आली आणि शिवकालावरची स्वराज्याची मालिकाही. गंमत पाहा, ज्या गडाने त्यांचे पाय हिरावले, त्याच गडकोटांच्या काळात ते वाचकांना हिंडवत राहिले. लिहिणारा जागचा हलू शकत नव्हता आणि त्याचे नायक मात्र घोडदौड करत होते.

गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून, म्हणजे 1871 पासून, मराठीत ऐतिहासिक कादंबरीची वाट पडली होती. हरिभाऊ आपट्यांनी तिला प्रतिष्ठा दिली. त्यांच्या शेजारी नाथमाधवांना समीक्षकांनी रंजनाच्या बाकावर बसवले. मला हा हिशेब अपुरा वाटतो. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. राजेरजवाड्यांच्या गोष्टी रंगवण्याच्या त्या काळात अशा माणसाचे नाव कादंबरीच्या कपाळावर लिहिणे ही साधी गोष्ट नव्हे.

बँकेत असताना थकलेल्या कर्जाचे हप्ते नव्याने बांधून देणे हे माझ्या कामाचा भाग होते. तिथे दुसरी संधी मिळते, पण तारण लागते, जामीनदार लागतो. नाथमाधवांपाशी यातले काय होते? शाबूत हात आणि सांगायला गोष्टी. तेवढ्या भांडवलावर त्यांनी तेवीस वर्षे काढली. 1928 मध्ये ते गेले तेव्हा वय अवघे सेहेचाळीस होते, म्हणजे निम्मे आयुष्य धडधाकट आणि निम्मे अंथरुणाला खिळलेले. आज आपण त्यांना ओळखतो ते त्या दुसऱ्या निम्म्यामुळे.

संकटात सापडलेला नायक शेवटी तरून जातो, ही अशा कादंबऱ्यांची ठरलेली रीत. टीकाकार तिला भाबडेपणा म्हणतात. पण ही रीत नाथमाधवांनी स्वतः जगून दाखवली होती. घरातल्या मुलांच्या हाती त्यांचे एखादे जुने पुस्तक द्याल, तेव्हा आधी ही हकीकत सांगा.