अंगठी टाकली कोणी?

आटगावला राहायला आल्यापासून माझ्या कपाटातली पुस्तके गावात फिरू लागली आहेत. त्यांची सर्वांत मोठी गिऱ्हाईक म्हणजे आमच्या शेजारची मुलगी. कसारा लोकलने ती रोज कल्याणला कॉलेजात जाते. बसायला जागा मिळाली तर वाचते, न मिळाली तरी वाचते. पावसाळ्याच्या तोंडाशी तिने 'स्वामी मुद्रिकांचा' नेले. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला हा मराठी अनुवाद. गौरी-गणपती झाल्यावर ती पुस्तक परत द्यायला आली, ती रागावूनच. शेवटाने आपल्याला फसवले, असे तिचे म्हणणे होते.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक अंगठी आहे. तिच्यात जगावर सत्ता गाजवण्याची ताकद आहे, आणि जो ती बाळगतो त्याचे मन ती हळूहळू पोखरून टाकते. ती नष्ट करायची तर ज्या ज्वालामुखीत ती घडवली त्याच्याच आगीत टाकायला हवी. हे काम फ्रोडो नावाच्या, उंचीने आपल्या कमरेइतक्या, साध्यासुध्या जिवावर येऊन पडते. सोबतीला सॅम, त्याचा माळी. हजारेक पानांची पायपीट करून, उपाशीतापाशी फ्रोडो त्या कड्यावर पोहोचतो आणि ऐन वेळी अंगठी टाकायचे नाकारतो. ती आपलीच म्हणतो आणि बोटात घालतो. गॉलम नावाचा एक प्राणी, ज्याने ती पूर्वी कैक वर्षे बाळगली होती, त्याच्या मागावर असतो. तो फ्रोडोचे बोटच चावून तोडतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन अंगठीसकट आगीत पडतो. जग वाचते. पुढे फ्रोडोचा भर मैदानात सन्मान होतो.

मुलीचा प्रश्न सरळ होता. अंगठी टाकली कोणी? फ्रोडोने तर नाही. मग सन्मान कसला? मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत तेव्हा याचे उत्तर मला ठाऊक असलेच पाहिजे, असा तिचा समज. मी तिला म्हटले, हे विचारणारी तू पहिली नव्हेस. खुद्द लेखकाला वाचकांनी पत्रे लिहून हेच विचारले होते. त्याने उत्तरेही दिली. पण ती उत्तरे कळायची तर आधी माणूस कळायला हवा. चहा झाला आणि मी सांगायला बसलो.

जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन गावी झाला. आमच्या आटगावच्या पलीकडचे तानसा धरण पुरे झाले तेच हे साल. वडील तिथल्या बँकेच्या शाखेचे मॅनेजर होते. मी स्वतः बँकेतला, त्यामुळे हा तपशील मला विशेष जवळचा. बदलीच्या गावी संसार थाटायचा आणि आपले गाव आठवत राहायचे, हे आम्हा लोकांच्या पाचवीलाच पुजलेले. आई दोन मुलांना घेऊन माहेरी इंग्लंडला आली असताना, १८९६ साली, वडील तिकडे आजारपणात वारले. रोनाल्ड तेव्हा चार वर्षांचा. आईने कॅथलिक पंथ स्वीकारला म्हणून नातेवाइकांनी मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ मध्ये तीही मधुमेहाने गेली. इन्शुलिनचा शोध लागायला अजून १७ वर्षे होती. बारा वर्षांच्या या पोरक्या मुलाला एका पाद्र्याने वाढवले.

बर्मिंगहॅमच्या शाळेत त्याला जिवाभावाचे मित्र मिळाले. चौघांचे एक टोळके होते. चहा प्यायचा, कविता वाचायच्या, आपण जगात काहीतरी मोठे करणार असे एकमेकांना सांगायचे. १९१४ ला महायुद्ध पेटले. चौघेही गेले. टॉल्किन यांनी मार्च १९१६ मध्ये एडिथशी लग्न केले आणि जूनमध्ये ते फ्रान्सच्या आघाडीवर रवाना झाले. लँकेशायर फ्युजिलियर्स या पलटणीत संदेशवहनाचे काम त्यांच्याकडे होते. १ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे १९ हजारांहून अधिक सैनिक मेले. चौघांपैकी एक, रॉब गिल्सन, त्याच दिवशी पडला. दुसरा, जेफ्री स्मिथ, डिसेंबरात जखमांनी गेला. टॉल्किन खंदकातल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने आजारी पडून नोव्हेंबरात मायदेशी परतले होते, म्हणून वाचले.

या युद्धात आणखी एक गोष्ट घडत होती. ज्या सैनिकांचे मन तोफांच्या माऱ्यात मोडले, जे पुढे जाऊ शकले नाहीत किंवा पळाले, त्यांतल्या कित्येकांना त्यांच्याच सैन्याने भित्रे ठरवून गोळ्या घातल्या. अशा ३०६ जणांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ साली, ९० वर्षांनी. माणूस किती ओझे वाहू शकतो आणि कुठे मोडतो, हा प्रश्न त्या पिढीपुढे असा उभा होता.

टॉल्किन पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. जुनी इंग्रजी हा त्यांचा विषय. स्वतःच्या मुलांना सांगता सांगता लिहिलेली 'द हॉबिट' ही त्यांची गोष्ट १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले होते आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला होता. मुलाला गोष्ट आवडली. पुस्तक खपले, आणि पुढचा भाग हवा अशी मागणी आली. टॉल्किन यांनी डिसेंबर १९३७ मध्ये लिहायला सुरुवात केली. लहान मुलांची गोष्ट म्हणून सुरू झालेले ते लिखाण बारा वर्षे चालले. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, तेव्हा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या पाठीमागे त्यांनी लिहिले. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. फ्रोडो आणि सॅम शत्रूच्या मुलखात शिरतात ती प्रकरणे बाप १९४४ मध्ये त्याला टपालाने पाठवत होता. सगळे हस्तलिखित टंकित करायची वेळ आली तेव्हा व्यावसायिक टायपिस्ट परवडेना. पलंगावर टाइपरायटर ठेवून प्राध्यापकमहाशयांनी बरेचसे काम स्वतःच केले.

आपण याला त्रयी म्हणतो, पण लेखकाच्या मनात ते एकच पुस्तक होते. कागद महाग, पुस्तक जाडजूड, म्हणून त्याचे तीन भाग केले गेले. तोटा होईल अशी धास्ती होती, तरी छापायचे असे ठरवणारा होता तोच रेनर, आता तरुण प्रकाशक झालेला. पहिला भाग जुलै १९५४ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबरात. दुसऱ्या भागाच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या तावडीत सापडतो आणि पुस्तक संपते! हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मधली पुढची किस्त येईपर्यंत आपल्या पणजोबांची जी तगमग होत असेल, ती इथे वाचकांची अकरा महिने झाली. टॉल्किन परिशिष्टांत अडकून पडले होते. राजांच्या वंशावळी, भाषा, लिपी, कालगणना, सगळे चोख हवे होते. वाचकांची विचारणा करणारी पत्रे येत राहिली. अखेर २० ऑक्टोबर १९५५ रोजी 'द रिटर्न ऑफ द किंग' बाहेर पडले. हे नाव टॉल्किन यांना पसंत नव्हते, कारण राजा परत येणार हे त्यातच फुटत होते.

आणि मग दुसरी पत्रे सुरू झाली. गंमत अशी की फ्रोडो शेवटी हरतो, हे फार थोड्या वाचकांच्या ध्यानात आले. पण ज्यांच्या आले ते गप्प बसले नाहीत. एका वाचकाने तर अतिशय कडवट पत्र लिहिले. फ्रोडोला मान देण्याऐवजी देशद्रोही म्हणून देहदंड द्यायला हवा होता, असे त्याचे म्हणणे होते. सोम पाहून आलेल्या माणसाने ते पत्र वाचताना काय वाटून घेतले असेल, याची मी फक्त कल्पना करू शकतो.

टॉल्किन यांनी रागावून टपाल फाडले नाही. ते उत्तरे लिहीत राहिले. १९५६ मध्ये लिहिली, १९६३ मध्ये एका वाचक बाईंना फार लांबलचक उत्तर लिहायला घेतले. त्याचे खर्डे त्यांच्या निवडक पत्रांच्या १९८१ च्या संग्रहात वाचायला मिळतात. पहिली गोष्ट त्यांनी कबूल केली: होय, फ्रोडो अपयशी ठरला. पळवाट काढली नाही. पण ते अपयश त्याच्या नीतीचे नव्हते, असे त्यांनी बजावले. त्या जागी, इतक्या यातनांनंतर, त्या अंगठीपुढे कोणाचाच निभाव लागला नसता. वाटेत दरड कोसळून फ्रोडोचे शरीर चिरडले असते तर त्याला कोणी दोष दिला असता का? मग मन चिरडले तर का द्यावा? तुरुंगात छळ सोसून मोडून गेलेल्या, शेवटी छळणाऱ्याचेच गुण गाऊ लागलेल्या त्या काळच्या कैद्यांची त्यांनी आठवण करून दिली.

दुसरी गोष्ट गॉलमची. त्याला मारून टाकायची संधी आधी बिल्बोला आणि मग फ्रोडोला मिळाली होती. दोघांनी दया केली. ती केली नसती तर कड्यावर शेवटी कोणीच आले नसते. फ्रोडोने आपल्या शक्तीचा शेवटचा कण खर्चून काम अशा टोकाला आणून ठेवले की जिथून ते होऊ शकत होते. पुढचे दुसऱ्याच हाताने झाले. टॉल्किन श्रद्धावान होते. तो हात कोणाचा याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. टॉल्किन यांनी लिहिले की माणसाने दोन तराजू बाळगावेत. स्वतःला मोजायचा तराजू कडक ठेवावा, त्यात सूट घेऊ नये. दुसऱ्याला मोजायचा तराजू मात्र दयेने हलका केलेला असावा. फ्रोडो स्वतःला पहिल्या तराजूत मोजतो. म्हणूनच सन्मानानंतरही त्याला घरी चैन पडत नाही, जखमा ठणकत राहतात, आणि अखेर तो जहाजात बसून समुद्रापार निघून जातो. लोकांनी त्याला दुसऱ्या तराजूत मोजले. लोकांचे बरोबर होते.

या शेवटापलीकडे टॉल्किन यांनी एक प्रकरण लिहिले होते. त्यात सॅम आपल्या मुलांना हीच सगळी गोष्ट वाचून दाखवतो, आणि पोरे त्याला विचारत राहतात की पुढे अमक्याचे काय झाले, तमक्याचे काय झाले. म्हणजे वाचक शेवटाबद्दल प्रश्न करणार, हे त्यांनी आधीच ओळखले होते. इतरांच्या सांगण्यावरून त्यांनी ते गाळले. छापून आले ते १९९२ साली, ते गेल्यानंतर १९ वर्षांनी. हा सॅम आपण युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून घेतला, असे ते सांगत.

वाचकांनी त्यांच्यावर प्रेमही उदंड केले. १९५८ मध्ये रॉटरडॅमला त्यांच्यासाठी मेजवानी ठेवली गेली, तिला ते गेले. साठीच्या दशकात अमेरिकेत पुस्तकाचे वेड पसरले, तेव्हा तिकडून अपरात्री फोन येऊ लागले. शेवटी १९६८ मध्ये नवरा-बायको बोर्नमथला समुद्रकाठी राहायला गेले. १९७१ मध्ये एडिथ गेल्या. २ सप्टेंबर १९७३ रोजी ८१ व्या वर्षी टॉल्किन यांनी देह ठेवला.

इतके सांगून मी मुलीला म्हटले की आपल्याकडे अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर पडू शकला नाही, म्हणून त्याला कोणी नापास केले आहे का? ती हसली नाही. थोडा वेळ पुस्तकाची पाने चाळत राहिली. मग म्हणाली, काका, हे अजून आठ दिवस ठेवू का? दादाला द्यायचे आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचा भाऊ सहा वर्षे पुण्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. पूर्व झाली, मुख्य झाली, मुलाखतीपर्यंत पोहोचला आणि अंतिम यादीत नाव आले नाही. वय संपले. परत आल्यापासून तो अंधार पडल्यावरच घराबाहेर निघतो, कारण स्टेशनवर, दुकानात, देवळाशी जो भेटेल तो यादीचे विचारतो. सहा वर्षे तो काय काय शिकला, कसा राहिला, हे कोणी विचारत नाही.

बँकेत आम्ही माणसाला ३१ मार्चच्या शिल्लकेवरून ओळखायचो. वर्षभराच्या नोंदी बघायला वेळ कोणाला असतो? ती सवय सुटलेली नाही. त्या मुलाला मीही दोनदा भेटलो होतो, आणि दोन्ही वेळा यादीचेच विचारले होते.

पुस्तक अजून परत आलेले नाही. मी मागितलेलेही नाही.