महात्मा जोतीराव फुले आणि शेताची माती

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेताच १८४८ साली पुण्यात निघालेली मुलींची शाळा आणि १८७३ सालचा सत्यशोधक समाज आपणांस आठवतो. शेताची माती व पावसाचे पाणी राखण्याचा त्यांनी दाखविलेला मार्ग मात्र विस्मृतीत गेला आहे. लकडगंजात बिऱ्हाड आणि खेड्यात वडिलोपार्जित शेती असलेल्या आमच्या ज्ञातिबांधवांपुढे तोच आम्ही सादर करीत आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, माळी घराण्यातला. पुढे कंत्राटदार या नात्याने त्यांनी खडकवासल्याच्या धरणास दगड पुरविला, मांजरीस बागायत केली. १८७६-७८ च्या दुष्काळात उपाशी मुलांसाठी त्यांनी धनकवडीस अन्नछत्र चालविले. शेतकऱ्याचे दैन्य त्यांनी असे जवळून पाहिले होते.

१८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा कुजून झालेले सत्त्व पहिल्याच पावसात ओढ्यानाल्यांतून वाहून जाते व शेते निकस होतात, हे त्यांनी ओळखले. पाणी आधी शेतांत मुरावे व मग नदीस मिळावे, अशा रीतीने जागोजागी ताली व बंधारे घालावेत. त्या कामी सरकारने रिकाम्या वेळात पलटणीतील व पोलिसांतील माणसे लावावीत, असे त्यांनी सुचविले. नदी-तलावांतील गाळ शेतकऱ्यांस नेऊ द्यावा, गायराने गावांस परत करावीत, जमिनीखालील झरे गावच्या नकाशावर दाखवावेत आणि स्वखर्चाने विहीर खोदणाऱ्यास बक्षीस द्यावे, अशाही त्यांच्या मागण्या होत्या. सारा घेणाऱ्या सरकारवर जमीन राखण्याचेही दायित्व आहे, हे त्यामागील न्यायाचे सूत्र.

त्याच १८८३ साली जमीन सुधारणेसाठी कर्ज देणारा कायदा झाला. परंतु कर्ज फेडावे लागते, आणि जोतीरावांनी मागितला होता तो हातभार. १८९० साली ते निवर्तले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, २०१७ साली, महाराष्ट्र शासनाने धरणांतील गाळ शेतांत नेण्याची योजना काढली, तेव्हा त्यांची दूरदृष्टी पुन्हा प्रत्ययास आली.

शासनाचे साहाय्य मिळते तेव्हा ते अवश्य घ्यावे. परंतु फुटलेला बांध मालकाच्या नजरेस पडलाच नाही, तर ते साहाय्य मागणार कोण? शहरात स्थिरावलेल्या आपणां सर्वांस आमची एवढीच विनंती आहे की, येत्या मृगापूर्वी एकदा गावी जाऊन आपल्या शेताचे धुरे पाहून यावे. जोतीरावांचे याहून उचित स्मरण आम्हांस सुचत नाही.